उमाटे सरांची हद्दपारी

प्रश्न पहिला : पार्श्वभूमी स्पष्ट करा.

"भैयाजीले इथून हटवा, नाई तं मी उद्यापासून येत नाई," असं म्हणून अण्णाजींनी तुरीची उकडलेली शेंग दातांतून ओढली आणि रिकामं साल भैयाजींच्या रोजच्या जागेवर ठेवलं.

अण्णाजी दर आठवड्याला असं म्हणत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसत. पण त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही. पिपरी मेघेतल्या त्या कॉलनीत बगीच्यासाठी सोडलेली आणि बगीचा न झालेली एक जागा होती. तिथं एक कडुनिंब आणि खाली समोरासमोर सिमेंटचे दोन बाक. दिवाळी सरून थंडी पडू लागली की एका बाकावर कॉलनीतली रिटायर मंडळी आणि समोरच्या बाकावर बायका, अशी उन्हं कलताना बैठक बसे. भैयाजी या बैठकीतले सर्वांत दिलदार गृहस्थ. जन्मभर कापसाची अडत केली, आता काही करायचं नाही, आणि मुलानं हातात नवा मोबाइल दिलेला. कारल्याच्या रसापासून कैलास पर्वतापर्यंत जे जे व्हिडिओ येत, ते भैयाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात लावत. त्यांना थांबवायची सोय नव्हती. कॉलनीत कोणाच्या छातीत दुखलं तर गाडी भैयाजींचीच निघे, आणि ज्याच्या गाडीतून दवाखान्यात जायचं त्याला आवाज कमी करा म्हणून कसं सांगायचं.

यात सगळ्यात जास्त नुकसान होत होतं ते प्रभाकरराव उमाटे यांचं. उमाटे सरांनी कारंजा घाडगेच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला होता, आणि इतिहासातही त्यांचा जीव प्राचीन ग्रीसवर. रिटायर होऊन पिपरीत घर बांधलं तेव्हा खडू सुटला, फळा सुटला, ग्रीस सुटलं नाही. या बाकावर त्यांचा वर्ग भरे. विद्यार्थी पेंगत, मधेच उठून जात, एकमेकांच्या शेंगा खात. म्हणजे वर्ग अस्सल होता. ही संध्याकाळ गेली तर आपल्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आणि ऐकणारं कोणी नाही, हे प्रभाकररावांना पक्कं ठाऊक होतं. आणि काल तर स्पार्टाचे तीनशे वीर खिंडीत छाती काढून उभे असताना भैयाजींनी 'गुडघेदुखीवर मेथी' लावली होती.

"यावर अथेन्समध्ये एक उपाय होता," प्रभाकरराव म्हणाले.

"मेथीवर?" अण्णाजींनी विचारलं.

"माणसावर. वर्षातून एकदा गावचे नागरिक चौकात जमायचे. फुटक्या मडक्याचं एकेक खापर घ्यायचे आणि ज्याचा उपद्रव होतो त्याचं नाव त्यावर कोरायचे. ना आरोप, ना खुलासा, ना भांडण. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. त्याच्या घराला, शेताला कोणी हात लावायचा नाही. बेअब्रू नाही, काही नाही. फक्त जायचं."

"धा वर्स?" समोरच्या बाकावरून मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता, त्यामुळे त्या जे बोलत ते जरा दरारा बसवणारं वाटे. "तेवढ्यात आपल्यातले अर्धे तसेच जातीन जी."

"मग संक्रांतीपर्यंत ठेवू. संक्रांतीपर्यंत त्यानं बाकावर यायचं नाही."

तेवढ्यात भैयाजी आले. शेंगेचं साल उचलून बाजूला टाकलं, बसले, सगळी योजना ऐकली आणि खूश झाले. "लय झकास. घ्या ना मंग. कोनाले काढाचं हाये?"

जो तो शेंगा सोलू लागला.

"ते सांगाचं नाई, भैयाजी. गुप्त असते," अण्णाजी म्हणाले.

"बरोबर," असं म्हणून भैयाजींनी अण्णाजींकडे इतक्या कणवेनं पाहिलं, की अण्णाजींना आपल्या खिशातल्या शेंगा जड वाटू लागल्या.


टीप लिहा : कारंज्याचं अथेन्स.

कारंज्याची शाळा हायवेला इतकी लागून होती, की मॅरेथॉनचा धावपटू धापा टाकत अथेन्सला पोचे, "आपण जिंकलो" म्हणायला तोंड उघडे, आणि नेमका तेव्हाच नागपूरकडून येणारा ट्रक हॉर्न वाजवे. प्रभाकरराव धावपटूला तसाच उभा ठेवून ट्रक जाऊ देत आणि मग त्याला मारत. हिवाळाभर वर्गात संत्र्याच्या सालींचा वास. पोरं कापसाच्या पऱ्हाट्यांचे भाले आणि घरून पळवलेल्या सुपांच्या ढाली घेऊन मधल्या सुटीत स्पार्टा-अथेन्स खेळत, आणि शाळा सुटायच्या वेळी आया सूप शोधत फाटकाशी येऊन उभ्या राहत.

एका वर्षी स्नेहसंमेलनात प्रभाकररावांनी ट्रॉयचा घोडा केला. खाली रेंगी, म्हणजे आपली लहान बैलगाडी, वर बांबू आणि पोती, आणि पोटात लपलेले ग्रीक. दुपारी शाळेत पंगत झाली होती, वांग्याची भाजी आणि रोडगे. ट्रॉयच्या लोकांनी घोडा ओढत वेशीच्या आत आणला, नाचले, झोपेचं सोंग घेऊन पडले, आणि वाट पाहू लागले. पोटातले ग्रीक खरेच झोपले होते. प्रभाकरराव पडद्याआडून "उतरा, अरे उतरा" करत राहिले. त्या वर्षी ट्रॉय वाचलं. मुख्याध्यापकांनी समारोपाच्या भाषणात ट्रॉयच्या नागरिकांचं अभिनंदन केलं.

पण सरांचा आवडता भाग खापरांचाच. ॲरिस्टायडीस नावाचा एक सज्जन होता, सगळे त्याला 'न्यायी' म्हणत. मतदानाच्या दिवशी एक अडाणी माणूस त्याच्याजवळ आला. तो त्याला ओळखत नव्हता. खापर पुढं करून म्हणाला, "यावर ॲरिस्टायडीसचं नाव लिहून द्या." "त्यानं तुझं काय वाईट केलं?" "काही नाही. पण जिथं जावं तिथं न्यायी, न्यायी ऐकून कंटाळलो." ॲरिस्टायडीसनं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि खापर परत दिलं.

इथं प्रभाकरराव खडू खाली ठेवत आणि वर्गाकडे पाहत. दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारेच, "सर, त्यानं दुसऱ्याचंच नाव लिहून देल्लं असतं तं?" आणि प्रभाकरराव दर वर्षी म्हणत, "तर आज आपण त्याचं नाव घेतलं नसतं."

हे वाक्य त्यांना फार आवडे. बोलायला सोपं होतं.


कोण कोणास म्हणाले?

खापर पाहिजे तर मडकं पाहिजे. कॉलनीत घरोघरी पाण्याचे फिल्टर बसलेले. फुटकं सोडा, धडकं मडकंही कोणाकडे निघेना. प्रभाकरराव स्कूटर घेऊन कुंभाराकडे गेले. थंडीत माठ कुठले असायला. एक लहान, बिनरंगाचं मडकं होतं, बाराही महिने लागतं तसलं. ते कशासाठी लागतं हे कुंभारानं सांगितलं नाही आणि प्रभाकररावांनी विचारलं नाही. येताना स्कूटर बंद पडली. ती एका दुकानासमोर लावून, अंगात पांढरा सदरा, गळ्यात पांढरं उपरणं, डाव्या खांद्यावर मडकं आणि मान खाली, असे ते कॉलनीत शिरले.

"कधी न्याचं हाये जी?" असं अण्णाजी प्रभाकररावांना म्हणाले, वळणावर, पायातली चप्पल काढून.

"संध्याकाळी. सगळे जमले की," असं प्रभाकरराव अण्णाजींना म्हणाले. त्यांना वाटलं, अण्णाजी बाकाकडे नेण्याचं विचारताहेत.

"पोरीले कळवलं का?"

"तिला कशाला त्रास? पुण्याहून काय यायचं एवढ्यासाठी."

यावर अण्णाजींनी आकाशाकडे पाहून हात जोडले. ते तसेच अनवाणी भैयाजींकडे गेले.

"सकाळी तं दूध घेताना दिसली होती मले वहिनी," असं भैयाजी अण्णाजींना म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासह 'सौ. इंदिरावहिनी उमाटे यांना भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून दिलं. खाली मिनिटभरात हात जोडलेल्यांची रांग लागली.

"चाय मांडू का सगळ्यायसाठी?" असं इंदिराबाई दारात जमलेल्या लोकांना म्हणाल्या, दार उघडून, हातात लाटणं घेऊन.

मनकर्णाबाई पायरीवरच बसल्या. त्यांनी काळा चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला. "डॉक्टरनं सांगतलं होतं, सुरवातीले कधी कधी चुकीचं दिसते म्हणून," असं त्या स्वतःलाच म्हणाल्या.

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा, ऋचाचा, रडत फोन आला. ग्रुपवर तीही होती. तिला तिच्या आईनंच समजावलं, की मी आहे, भाकरी तव्यावर आहे, आणि तुझ्या बाबांना ग्रीस झालं आहे. फोन ठेवून इंदिराबाईंनी आधी लोकांकडे, मग मडक्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी, हे फोडाचंच हाये ना?"

"हो, पण हलक्या हातानं. मोठे तुकडे..."

इंदिराबाईंनी खलबत्त्यातला बत्ता आणला आणि एका दणक्यात मडक्याची खापरं केली. "मी फोडलं, आता मीबी मत देईन," असं त्या प्रभाकररावांना म्हणाल्या. अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं, हे त्या क्षणी सांगावं असं प्रभाकररावांना वाटलं नाही.


प्रसंगाचं वर्णन करा : मतदान.

मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णाजींना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गाडी अर्थात भैयाजींची.

"अण्णाजी, वाईट नका मानू," भैयाजी गिअर बदलत म्हणाले, "पण लोकं तुमचंच नाव लिहिणार दिसते."

"मायं काऊन?"

"शेंगा खाता न् सालं बाकावर ठेवता. लोकायले आवडत नाई. मी काई म्हणत नाई, पण लोकं म्हणतेत."

दात आधीच ठणकत होता. "मायं नाई, भैयाजी," अण्णाजी म्हणाले, "हा सगळा घाट तुमच्यासाठी हाये. उमाटे सरनं घातला हाये."

भैयाजींनी गाडी चालवली, डॉक्टरकडे नेली, दात उपटेपर्यंत थांबले, परत आणली, आणि अण्णाजींना घराशी उतरवताना एवढंच म्हणाले, "बाजार समितीच्या किती इलेक्शना काढल्या मी. मले इलेक्शन शिकवून राह्यले का?" मग ते उमाटेंच्या घरी गेले, इंदिरावहिनींची पुन्हा एकदा माफी मागितली, आणि "सर, तुम्ही कायले वजन उचलता, खापरं मीच घेऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन गेले. प्रभाकररावांना वाटलं, काही म्हणा, माणूस दिलदार आहे.

दुसऱ्या दिवशी गारठा असा होता, की बाकावरचा प्रत्येक पुरुष तपकिरी माकडटोपीत आणि मफलरमध्ये गुंडाळलेला. कोण कोण हे आवाजावरूनच कळे. खापरं आणि खिळे वाटले गेले. जो तो पाठ वळवून कोरू लागला. कोऱ्या खापरांचे कर्रर्र आवाज येत होते, आणि प्रभाकररावांच्या अंगावर शहारा आला. हा आवाज अथेन्सच्या चौकात असाच आला असेल. ते बाजूला, कडुनिंबाच्या बुंध्याशी उभे राहिले. त्यांनी आपल्या खापरावर 'भैयाजी' असं वळणदार अक्षरात कोरलं होतं.

कोणीतरी त्यांच्या बाहीला हात लावला. मनकर्णाबाई होत्या. काळा चष्मा, अंधारून आलेलं.

"अण्णाजी, मले काई दिसून नाई राह्यलं. माह्यं तेवढं लिहून देता का जी?"

"कोणाचं नाव?" प्रभाकरराव थंडीनं बसलेल्या आवाजात, मफलरमधून म्हणाले.

"उमाटे सराचं."

खिळा प्रभाकररावांच्या बोटांत थांबला. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून विचारला होता, आणि आता तो त्यांच्या तोंडून आपोआप आला. "त्यांनी तुमचं काय वाईट केलं?"

"काईच नाई बाप्पा. लय सज्जन मानूस. पण माहा पोरगा घरी उठता बसता म्हणते, 'उमाटे सराले पाह्य, या वयात केवढं ध्यानात हाये, तुले सकाळची गोळी घेतली का नाई ते सांगता येत नाई.' कान किटले जी माहे. संक्रांतीपोत तरी."

प्रभाकरराव खापराकडे पाहत राहिले. 'भैयाजी' लिहिलं तर हिला कळणार नव्हतं. कोणालाच कळणार नव्हतं. बाकही राहील, ग्रीसही राहील, आणि भैयाजी मेथी घेऊन घरी बसतील. त्यांनी खिळा टेकवला. 'भ'ची पहिली रेघ ओढायला हात उचलला. मग कुठून कोण जाणे संत्र्याच्या सालींचा वास आला, किंवा आला असं वाटलं, आणि मागच्या बाकावरचं ते कुठलंसं पोर मान वर करून पाहू लागलं.

त्यांनी 'उमाटे' लिहिलं. काना, मात्रा, डोक्यावरची रेघ, सगळं फळ्यावर लिहावं तसं, शेवटच्या पोराला दिसेल असं.

"बरोबर लिवलं ना?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"बरोबर लिहिलं," प्रभाकरराव म्हणाले.

मोजणी इंदिराबाईंनी आणलेल्या सुपात झाली. अण्णाजी एकेक खापर उचलून, सुजलेला गाल सांभाळत वाचत होते. "भैयाजी. उमाटे. भैयाजी. उमाटे. उमाटे..." मग ते थांबले. "सर, हे कोरलेलं नाई. हे निळ्या मार्करनं लिहिलं हाये. अन हेबी. सगळ्यायवर एकच अक्षर."

प्रभाकररावांनी ती खापरं झटकन हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे पाहा. एका हातानं आधीच लिहून ठेवलेली. अथेन्समध्ये एका जुन्या विहिरीत अशीच सापडली, एकाच पुढाऱ्याच्या नावाची, मोजक्या हातांनी लिहून वाटायला तयार ठेवलेली. अडीच हजार वर्षं झाली. अगदी हेच."

"सर, त्याच्यावर तुमचं नाव हाये," अण्णाजी म्हणाले.

"ते आहेच. पण पद्धत पाहा, पद्धत."

भैयाजी संकोचून म्हणाले, "मी तं लोकायचा तरास वाचवला फक्त. थंडीत कोरत बसाचं म्हणजे..."

भैयाजींची निळी खापरं धरूनही दोन्ही नावं बरोबरीत आली. सुपात एकच खापर उरलं होतं. अण्णाजींनी ते उचललं, वाचलं, आणि प्रभाकररावांकडे पाहिलं. "उमाटे. पण सर, हे तं तुमचंच अक्षर हाये. माह्या नातवाच्या वहीवर तुम्ही नाव टाकून देल्लं, तेच अक्षर. तुम्ही सोताले मत देल्लं?"

"मतदान गुप्त असतं," प्रभाकरराव म्हणाले.

"माह्यं तं अण्णाजीनं लिहिलं बा," मनकर्णाबाई मोकळेपणानं म्हणाल्या. "हो ना अण्णाजी?"

"मी कुठी लिहिलं?"

काळा चष्मा हळूहळू अण्णाजींकडून कडुनिंबाकडे आणि कडुनिंबाकडून प्रभाकररावांकडे वळला. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.


कारणे द्या : उमाटे सरांनी फेरमतदान नाकारलं.

सगळे म्हणत होते पुन्हा घ्या. भैयाजी तर स्वतः म्हणाले, की सर, हे काही खरं नाही, गंमत होती, मीच येत नाही संक्रांतीपर्यंत. पण जो धडा जन्मभर शिकवला तो पहिल्याच परीक्षेत रद्द करायचा, हे प्रभाकररावांना जमेना. "सभेचा निर्णय आहे," ते म्हणाले. त्यांनी बाकावरची आपली बसायची सतरंजीची घडी काखेत घेतली, मफलर नीट केला, आणि रस्ता ओलांडून घरी गेले. घर समोरच होतं. हद्दपारीला इतका थोडा प्रवास इतिहासात कोणाला करावा लागला नसेल.


रिकामी जागा भरा.

त्या रात्री प्रभाकरराव जेवले, पण ______ नाही.


शेवटचा प्रश्न : परिणाम सविस्तर लिहा.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि प्रभाकररावांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. ते अंगणात आले, आत गेले, पुन्हा आले. इंदिराबाई ओट्यावर तुरीचे सोले काढत बसल्या होत्या. समोर रस्त्यापलीकडे बाक दिसत होता, टोप्या दिसत होत्या.

"त्यातलं एक माह्यं होतं," इंदिराबाई म्हणाल्या.

"काय?"

"खापर. तुमच्या नावाचं."

"मार्करवालं?"

"कोरलेलं. भैयाजीचं फुकटचं कायले घेऊ मी."

प्रभाकरराव ओट्याच्या कडेला बसले. "काऊन पण?" घरात त्यांची भाषा आपोआप कारंज्याची होई.

"तुम्हाले संध्याकाळचं घरात कधी पाह्यलंच नाई. आधी शाळेतल्या शिकवण्या, मंग तो बाक. म्हटलं पाह्यू तं, कसे दिसता." त्यांनी शेंगांचा ढीग त्यांच्याकडे सरकवला. "सोला."

प्रभाकरराव सोलू लागले. थोड्या वेळानं, हात चालू असले की तोंड चालू होतं या नियमानं, त्यांनी सुरुवात केली. "तर मुलांनो..."

"कोनाले मुलांनो म्हणता?"

"सवय आहे. तर हेलन नावाची एक राणी होती. तिला ट्रॉयचा राजपुत्र घेऊन गेला..."

इंदिराबाई ऐकत होत्या. त्या पेंगल्या नाहीत, मधे उठल्या नाहीत. युद्धाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "इतके लोकं मेले, पण तिले कोणी इचारलं का, की बाई तुले कुठी राह्याचं हाये?"

प्रभाकरराव सोलायचे थांबले. इतक्या वर्षांत कोणत्याही वर्गातून हा प्रश्न आला नव्हता. "पाहून सांगतो," ते म्हणाले. अशा काही संध्याकाळी गेल्या. सोल्यांची भाजी रोज होऊ लागली, आणि प्रभाकररावांना वाटू लागलं, की हद्दपारी वाटते तितकी वाईट नसते.

मग एक दिवस मनकर्णाबाई आल्या. सरांचं नाव दिल्यापासून त्यांना रात्री झोप लागत नव्हती. ज्वारीच्या बिबड्या आणल्या होत्या, त्या ठेवून जाणार होत्या. पण सर सांगत होते, म्हणून पायरीवर टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना शोधत अण्णाजी आले. बाकावर म्हणे आता मजा नाही. भैयाजी व्हिडिओ लावतात, पण ज्याला त्रास व्हायचा तोच नाही, म्हणून तेही मधेच बंद करतात. तिसऱ्या दिवशी भैयाजी आले, सोबत उरलेले सगळे, आणि आपल्या गाडीतून त्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. "शत्रू आला तेव्हा अथेन्सच्या लोकांनी गाव रिकामं केलं आणि सगळे जहाजांवर जाऊन बसले," प्रभाकरराव उभं राहून म्हणाले, कारण आता बसून सांगता येण्याइतका वर्ग लहान राहिला नव्हता. "गाव म्हणजे भिंती नव्हेत. जिथं माणसं, तिथं गाव."

"अन जिथं गाव, तिथं चाय," इंदिराबाई स्वैपाकघरातून म्हणाल्या. पातेल्यावर पातेलं चढत होतं. शेंगा सोलायला आता कोणी उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सॉक्रेटिसच्या हातात विषाचा पेला आला. शिष्य रडत होते. भैयाजींनी मोबाइल खिशात ठेवला होता. या जागी प्रभाकरराव नेहमी थांबत. ते थांबले, आणि कोणाकडे पाहावं म्हणून त्यांनी स्वैपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. स्टुलावर चहाची किटली आणि पालथे कप होते. त्यांनी अंगणात पाहिलं, ओट्यावर पाहिलं. मग रस्त्यापलीकडे. कडुनिंबाखाली बायकांच्या बाकावर शाल पांघरून इंदिराबाई एकट्याच बसल्या होत्या.

प्रभाकरराव फाटकाशी गेले. "इंदिरा, तिकडं काय करून राह्यली?"

"बसली."

"काऊन पण?"

"घरात जागा नाई."

प्रभाकररावांचा हात फाटकाच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"जा ना, सर," मागून भैयाजी म्हणाले.

"संक्रांत व्हायची आहे अजून."

"कोन पाह्यते?"

"मी पाहतो ना."

भैयाजी जागचे उठले. हा माणूस आपल्यामुळे स्वतःच्या बायकोजवळ जाऊ शकत नाही, हे त्यांच्या दिलदार मनाला सहन होईना. "सभा भरेलच हाये. सर वापस आले पायजे म्हणणारे, हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. मनकर्णाबाईंनी दोन्ही केले. अण्णाजींनी शेंग असलेला हात वर केला. "झालं. उघडा फाटक."

प्रभाकरराव रस्ता ओलांडून गेले. बायकांच्या बाकावर ते कधीच बसले नव्हते. तिथून आपलं घर कसं दिसतं हेही त्यांना माहीत नव्हतं. दिवे लागलेले, अंगणात खुर्च्या, आणि आपले सगळे विद्यार्थी तोंड या बाजूला करून बसलेले.

"सॉक्रेटिस तसाच राह्यला," ते म्हणाले.

"राहू द्या. प्याची काय घाई हाये त्याले." इंदिराबाईंनी शालीचं टोक त्यांच्या गुडघ्यावर टाकलं. मग म्हणाल्या, "कारंज्याले आलो तो दिवस ध्यानात हाये तुमच्या?"

"हो. टेम्पोत सामान होतं. शाळेत जाऊन सही केली."

"मले हायवेवरच्या ढाब्यावर उतरवलं, सामानाजवळ. 'सही करून येतोच' म्हणून गेले."

"मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी वर्गावर पाठवलं. पहिला तास. मी ग्रीसच..."

"माहीत हाये. दिवे लागले तवा आले. अन घरी जाईपोत मले त्या वर्गाचंच सांगत राह्यले. कोणत्या पोरानं काय इचारलं, कोण हासलं. मले अजून पाठ हाये." त्यांनी शाल सारखी केली. "पण तेवढ्या वेळात तिकडं ढाब्यावर काय काय झालं, ते तुम्ही आजपोत इचारलं नाई."

प्रभाकररावांनी माकडटोपी कानांवरून वर सारली. पाय बाकावर घेतले, मांडी घातली, आणि इंदिराबाईंकडे तोंड करून बसले.

"काय झालं?"

"ट्रकवाले जेवाले बसेल होते," इंदिराबाई म्हणाल्या. "मी आपली गादीच्या वळकटीवर, घागर मांडीवर घेऊन. तं त्यातला एक म्हातारा सरदारजी ताटावरून उठला, अन सरळ माह्याकडेच आला."

"मग?" प्रभाकररावांनी विचारलं.